तोफखान्यातला माणूस अभ्यासमंडळावर

फोन आला तेव्हा मी देवळाली कॅम्पात कॅन्टीनच्या लाईनीत उभा होतो. एका हातात स्मार्ट कार्ड, दुसऱ्या हातात बायकोने दिलेली यादी. कॉलेजमधल्या मॅडम बोलत होत्या, "सर, तुमचं नाव आम्ही बीओएसवर टाकतोय, हरकत नाही ना?" बीओएस म्हणजे काय ते मला काही कळलं नाही. फौजेत जुनी घोंगडी कंडम करायची असली तरी बोर्ड ऑफ ऑफिसर्स बसतो, म्हणलं तसलंच काहीतरी असेल, सह्या करून येऊ, आणि हो म्हणून टाकलं. घरी येऊन मुलीला विचारलं तर ती म्हणाली पप्पा बोर्ड ऑफ स्टडीज, अभ्यासमंडळ, एमएला काय शिकवायचं ते ठरवणारे लोक. त्यादिवशी साबणाचे दोन बॉक्स जास्तीचे आणले म्हणून बोलणी खाल्ली ती वेगळीच.

माझी थोडक्यात कुंडली सांगतो. 1994 ला नाशिकरोडच्या आर्टिलरी सेंटरला रिक्रूट म्हणून उभा राहिलो, 28 वर्षं तोफखान्यात काढली, सुभेदार म्हणून 2022 ला पेन्शन आलो. बीए नोकरीत असतानाच मुक्त विद्यापीठातून केलं होतं, कधी राजस्थानात तंबूत तर कधी ट्रेनमध्ये पुस्तक वाचून. रिटायर झाल्यावर सिक्युरिटीची नोकरी करायची नव्हती आणि घरी बसवत पण नव्हतं, म्हणून शहरातल्या एका कॉलेजात संरक्षणशास्त्राला एमएला नाव घातलं. वर्गात पोरं माझ्या मुलीच्या वयाची, मला काका म्हणावं का सर म्हणावं यातच त्यांचं पहिलं सेमिस्टर गेलं. फर्स्ट क्लास आला. ते कॉलेज ऑटोनॉमस आहे, म्हणजे अभ्यासक्रम स्वतः ठरवतं, आणि ऑटोनॉमस कॉलेजच्या अभ्यासमंडळात कोण कोण पाहिजे हे यूजीसीने ठरवून दिलंय. विभागप्रमुख अध्यक्ष, विभागातले शिक्षक, बाहेरच्या विद्यापीठातले दोन तज्ज्ञ, कुलगुरूंनी पाठवलेला एक तज्ज्ञ, इंडस्ट्रीतला एक जण आणि एक माजी विद्यार्थी, तो पण मेरिटोरियस पाहिजे. तो मेरिटोरियस म्हणजे मी. बायको अजून त्या शब्दावरून चिडवते, भाजी जळली की म्हणते अहो मेरिटोरियस, गॅस बंद करा.

पहिल्या मीटिंगला मी सव्वा तास आधी निघालो कारण नाशिकच्या द्वारका चौकात कधी किती वेळ अडकू ते सांगता येत नाही. ब्लेझर घातलेला, बूट चकाचक. पोचलो तर हॉलमध्ये शिपाई प्लेटा मांडत होता, समोसा, वेफर्स, पेढा. टेबलावर प्रत्येकासमोर फाईल. मला फाईल वाचायची सवय आहे, वेळ होता, उघडली. पहिल्या पानावर अजेंडा, दुसऱ्या पानावर हजेरी, तिसऱ्या पानावर, मी दोनदा बघितलं, आजच्या मीटिंगचे मिनिट्स. टाईप करून तयार. "सविस्तर चर्चेअंती अभ्यासक्रम एकमताने मंजूर करण्यात आला." खाली सह्यांच्या जागा. घड्याळात मीटिंगला अजून 25 मिनिटं होती आणि आमची सविस्तर चर्चा होऊन एकमत पण झालं होतं. मला हसू आलं, रागबिग नाही आला खरं सांगतो, कारण फौजेत पण इन्स्पेक्शनच्या आधी रिपोर्ट तयार झालेला मी बघितलाय.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. बाहेरचे प्रोफेसर ऑनलाईन होते आणि त्यांचा आवाज तुटत होता. इंडस्ट्रीवाले साहेब, अंबडला त्यांचं मशिनिंगचं वर्कशॉप आहे, विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीच्या कामाचे पार्ट करतात, त्यांनी सेमीकंडक्टरवर पाच मिनिटं सांगितलं. 40 मिनिटांत सगळं उरकलं, सह्या झाल्या, मी पण केली. घरी येताना लॅम रोडला गाडी बाजूला घेऊन जरा थांबलो. 28 वर्षांत न वाचता सही कधी केली नव्हती, दारूगोळ्याच्या रजिस्टरवर तर नाहीच नाही, आणि इथे ब्लेझर घालून जाऊन केली.

मग रात्री तो अभ्यासक्रम वाचायला घेतला. एनईपीचा, म्हणजे नव्या शिक्षण धोरणाचा पॅटर्न, दोन वर्षांत 88 क्रेडिट, चार सेमिस्टर. कौटिल्य, सुन त्झू, क्लाउझविट्झ, अण्वस्त्र धोरण, हिंदी महासागर, अंतर्गत सुरक्षा, वाईट काहीच नव्हतं. पण कारगिल शोधलं तर एका युनिटात एक ओळ, "कारगिल संघर्ष: कारणे व परिणाम", दोन तास. मी द्रासला गनवर होतो, म्हणजे भावनिक होऊन बोलतोय असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण बर्फात पोस्ट रिकाम्या का होत्या, माहिती वेळेवर का पोचली नाही, हे सगळं ज्याच्यात आहे तो कारगिल रिव्ह्यू कमिटीचा रिपोर्ट फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत ठेवलाय, काही भाग वगळलेत पण बाकीचा छापील मिळतो. आमच्या एमएच्या पोरांनी तो बघितलेला पण नव्हता. मी पण एमए करताना नव्हता वाचला, गाईड वाचलं होतं. हे लिहिताना लाज वाटते पण आहे ते आहे.

दुसऱ्या मीटिंगला कुलगुरूंच्या कोट्यातून एक निवृत्त ब्रिगेडियर आले. माझं नाव वाचून सरळ म्हणाले, "साब, कौनसी रेजिमेंट?" आणि मग मराठीत आले, मूळचे आपल्याकडचेच निघाले. त्यांनी फाईल उघडली, तिसरं पान काढलं, शांतपणे उभं आडवं फाडलं आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, हे आपण मीटिंग झाल्यावर लिहू." कोणी समोश्याला हात लावला नाही. मॅडमचा चेहरा पडला, आणि मला त्यांची बाजू पण सांगितली पाहिजे कारण नंतर त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं. विभागात कायम पोस्टवर त्या एकट्या, बाकी दोघं तासिका तत्त्वावर, परीक्षा त्याच बघणार, ॲडमिशन त्याच बघणार, कॉलेजला ग्रेड देणाऱ्या नॅकची फाईल त्याच करणार, आणि अकॅडमिक कौन्सिलला कागद परवा पाहिजे. मिनिट्स आधी लिहिणारा माणूस दरवेळी लबाडच असतो असं नाही, कधी कधी नुसता दमलेला असतो.

ब्रिगेडियर सरांनी पहिलाच प्रश्न विचारला तो असा, की मागच्या मीटिंगला जे सल्ले दिले त्यांचं काय झालं? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सल्ला कुणी दिला होता? सेमीकंडक्टरवाला एक होता, तो मिनिट्समध्ये नव्हताच.

हे मला लगेच पटलं कारण आमच्या कामात हेच असतं. ओपी, म्हणजे गोळा कुठे पडतो ते बघणारा निरीक्षक, पुढे डोंगरावर बसलेला असतो, त्याला टारगेट दिसतं, गनवाल्यांना दिसत नाही. ओपी करेक्शन देतो, लेफ्ट 100, ॲड 400, म्हणजे 100 मीटर डावीकडे आणि 400 मीटर पुढे. गन पोझिशनवरून ते परत म्हणून दाखवतात, गोळा सुटला की "शॉट" असं सांगतात, मग ओपी गोळा कुठे पडला ते बघतो आणि पुढचं करेक्शन देतो. ओपीच्या हातात गन नसते, ट्रिगर त्याचा नाही. आता समजा ओपीने करेक्शन दिलं आणि खालून "शॉट" आलंच नाही, तर तो दुर्बीण घेऊन डोंगरावर नुसता हवा खात बसलाय. मी हे मीटिंगमध्ये असंच बोललो, जरा जोरातच बोललो असेन, आवाजाची सवय तशीच. ब्रिगेडियर सर हसले आणि म्हणाले मॅडम हे लिहा, अजेंड्यावर विषय क्रमांक एक, कायम, मागच्या सल्ल्यांचा "शॉट" रिपोर्ट. मॅडमनी "कृती अहवाल" लिहिलं. बरोबर आहे, शॉट कसं लिहिणार.

चहाला बाहेरच्या विद्यापीठातले प्रोफेसर सर बोलत होते, यावेळी ते प्रत्यक्ष आलेले. त्यांनी अमेरिकेतल्या मंडळांबद्दल सांगितलं आणि मी नंतर घरी बसून अजून वाचलं. तिथे कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला नेव्हल पोस्टग्रॅज्युएट स्कूल आहे, 1909 ला ॲनापोलिसला सुरू झालेलं, 1951 पासून मॉन्टेरेत, फौजेतले ऑफिसर तिथे एमएस, पीएचडी करतात. असल्या संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांचं सल्लागार मंडळ असतं, त्यात माजी ॲडमिरल, विद्यापीठवाले, उद्योगातले लोक. आणि त्या सल्लागार मंडळांना 1972 चा एक कायदा लागू होतो. मीटिंग कधी आहे ते आधी सरकारी राजपत्रात छापायचं, काही गोपनीय नसेल तर लोकांना येऊन बसू द्यायचं, मिनिट्स ठेवायचे, सदस्य एकाच मताचे भरायचे नाहीत, आणि सरकारचा एक अधिकारी प्रत्येक मीटिंगला हजर पाहिजे. निर्णय मात्र मंडळाचा नाही, ते फक्त सांगणार. 2021 ला तर तिथल्या संरक्षणमंत्र्यांनी सगळ्याच सल्लागार मंडळांची फेरतपासणी लावली आणि शेकडो सदस्यांना एका फटक्यात घरी पाठवलं. म्हणजे तिकडे पण सगळं आलबेल असतं असं समजू नका, राजकारण तिथेही शिरतंच. पण मिनिट्स आधी टाईप करून ठेवायची सोय त्या कायद्यात नाही.

प्रोफेसर सरांनी अजून एक सांगितलं जे आमच्या लगेच कामाला आलं. 1980 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या संसदेची एक समिती इके स्केल्टन नावाच्या खासदाराच्या अध्यक्षतेखाली बसली होती, फौजी अधिकाऱ्यांचं शिक्षण तपासायला, 1989 ला रिपोर्ट आला. त्यात एक शिफारस अशी की अधिकाऱ्यांकडून निबंधाच्या परीक्षा घ्या, पेपर लिहून घ्या, आणि शिक्षकांनी ते नीट तपासून, टीका करून मार्क द्या. आमच्याकडे नेमकं उलटं चाललं होतं, अर्धा पेपर एमसीक्यूचा करायचा प्रस्ताव अजेंड्यावर होता कारण तपासायला सोपं जातं. दोन तास त्याच्यावर भांडण झालं. तासिकावाले सर म्हणाले 60 पेपर कोण तपासणार, त्यांचं पण खरं, त्यांना तपासणीचे मिळतात किती. शेवटी अंतर्गत गुणांत एमसीक्यू ठेवली आणि फायनलला लिहायचंच, असं ठरलं. मला विचाराल तर ही तडजोड बरी, एकदम चांगली नाही.

आपल्याकडे तर गंमत अशी आहे की फौजेच्या मोठ्या कॉलेजांना डिगरी सिव्हिल विद्यापीठच देतं. वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजची एमएस्सी मद्रास विद्यापीठाची, सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटची उस्मानिया विद्यापीठाची, खडकवासल्याच्या एनडीएची जेएनयूची. म्हणजे वर्दीवाले आणि प्रोफेसर यांनी एका टेबलावर बसायची सवय जुनीच आहे. संरक्षणाचं स्वतंत्र विद्यापीठ पाहिजे ही मागणी 1967 पासूनची, कारगिलनंतर, कारगिल रिव्ह्यू कमिटीचे अध्यक्ष होते त्या के. सुब्रह्मण्यम यांच्याच समितीने ते परत मांडलं, 2010 ला सरकारने तत्त्वतः मान्य केलं, 2013 ला गुडगावजवळ बिनोलाला मनमोहन सिंगांच्या हस्ते पायाभरणी झाली, 2016 ला कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी टाकला. ब्रिगेडियर सर हे सांगताना म्हणाले, "साब, यात सल्ल्याची कमी कुठेच नव्हती." आणि चहा संपवला.

आता ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. हा खरा गुंता होता. नवीन पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट पाहिजे, चार क्रेडिट, म्हणजे 120 तास कुठेतरी प्रत्यक्ष काम. कॉमर्सवाले सीएकडे जातील, केमिस्ट्रीवाले फार्मा कंपनीत. संरक्षणशास्त्रवाला कुठे जाणार? देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी, गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, ओझरला एचएएल, सगळं नाशिकच्या आसपासच, पण गेटच्या आत कोण घेणार? मॅडमनी दोन पत्रं पाठवली होती, उत्तर नाही. आणि का यावं, मी गेटवर ड्युटी केलीय, मला पण 22 वर्षाचं पोरगं "ओजेटी करायचीय" म्हणत आलं असतं तर मी चहा पाजून परत पाठवलं असतं.

इथे मी बोललो आणि मला वाटतं माझं त्या मंडळावर असण्याचं काही कारण असेल तर एवढंच. म्हणलं गेटच्या आत नका बघू, गेटच्या बाहेर बघा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पोरं बसवा, विधवा पेन्शनची फाईल कशी अडते ते बघतील, फौज काय असते ते तिथे जास्त कळेल. कलेक्टर ऑफिसला आपत्ती व्यवस्थापनात बसवा, 2027 चा कुंभ तोंडावर आलाय, गर्दी, रस्ते, रेशन, पाणी, हे सगळं लॉजिस्टिक्सच आहे, 2003 च्या कुंभात नाशिकमध्ये चेंगराचेंगरी झाली ती का झाली त्याचा अभ्यास करा. आणि तिसरं म्हणलं, फायरिंग रेंजची गावं.

देवळालीच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सांगायला नको. फायरिंग असलं की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात, नवीन पाहुणा दचकतो आणि आम्ही चहा ओतत राहतो. पण रेंजच्या कडेच्या गावांना त्या दिवशी जनावरं घेऊन तिकडे जाता येत नाही, आधी नोटीस निघते तारखा देऊन, आणि ही नोटीस 1938 च्या कायद्याखाली निघते, इंग्रजांचा कायदा, मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्ट. त्यात नुकसान भरपाईची पण तरतूद आहे. मी आयुष्यभर त्या रेंजवर गोळे टाकले पण नोटिसीच्या दुसऱ्या बाजूला कोण उभा असतो हे कधी डोक्यात आलं नाही. एमए करताना एका गावकऱ्याशी बोलणं झालं तेव्हा पहिल्यांदा आलं. प्रोफेसर सर एकदम सरसावून बसले, म्हणाले सिव्हिल मिलिटरी रिलेशन्सवर तुम्ही अख्खं युनिट शिकवताय आणि विषय तुमच्या दारात आहे. इंडस्ट्रीवाले साहेब पण म्हणाले त्यांचं आजोळ तिकडचंच, लहानपणी पितळेचे तुकडे वेचायला जायचे पोरं, बंदी असून. ते त्या दिवशी सेमीकंडक्टरवर काही बोलले नाहीत.

एक माझा सल्ला पडला ते पण सांगतो. मी म्हणलं नकाशा वाचनाचं प्रॅक्टिकल कंपल्सरी करा. झालं असं की मॅडमच्या सांगण्यावरून मी एक दिवस वर्गावर गेलो होतो, टेबलावर 1:50,000 चा नकाशा पसरला आणि म्हणलं या देवळाचा सिक्स फिगर ग्रिड रेफरन्स, म्हणजे नकाशावरची जागा सांगणारा सहा आकडी नंबर, द्या. सगळी शांत. एक पोरगी, दरवेळी पहिल्या बाकावर असते, तिने नॉर्दिंग (उत्तरेकडचे आकडे) आधी वाचलं आणि ईस्टिंग (पूर्वेकडचे) नंतर, पाहिजे उलटं, म्हणजे तिचं देऊळ धरणात गेलं. मी म्हणलं तुझ्या देवळावर आता गोळे पडतील की पाण्यात? तिने न घाबरता उत्तर दिलं, सर फोनवर लोकेशन टाकलं तर? मी म्हणलं फोन बंद केला तर? मग तिने परत केलं, बोटाने उभी रेघ धरून, मग आडवी, दहावे भाग डोळ्याने पाडत, आणि बरोबर आलं. तिला मग मिल शिकवला, कोन मोजायचं आमचं माप. डिगरी 360 असतात तसे गोलात 6400 मिल, एक मिल म्हणजे 1000 मीटरवर साधारण एक मीटर. ती म्हणाली हे तर डिगरीपेक्षा सोपं आहे. सोपंच आहे. पण मंडळात तीन विरुद्ध सगळे असं पडलं, क्रेडिट शिल्लक नव्हते, नकाशे कोण विकत आणणार हा प्रश्न, आणि ब्रिगेडियर सर पण म्हणाले, "साब, आपण इथे गनर तयार नाही करत, वाचणारी लिहिणारी माणसं तयार करतोय." मला तेव्हा राग आला होता. आता अर्धा गेलाय, अर्धा अजून आहे.

परवा तिसरी मीटिंग झाली. विषय क्रमांक एक, कृती अहवाल. मागच्या सात सल्ल्यांपैकी तीन झाले, दोन अर्धवट, दोन नाही, मॅडमनी कारणांसकट लिहून आणलेलं, कुठे "निधी नाही" तर कुठे सरळ "वेळ झाला नाही". कारगिल आता दोन तासांचं नाही, 15 तासांचं युनिट आहे आणि रिपोर्टची झेरॉक्स लायब्ररीत तीन प्रतीत आहे, एक आधीच हरवलीय. सैनिक कल्याणला दोन पोरं बसतात. आपत्ती व्यवस्थापनवाल्यांनी कुंभामुळे वेळ नाही म्हणून कळवलं, म्हणजे ज्या कामासाठी पोरं द्यायची होती त्याच कामामुळे नाही घेतली. मिनिट्स मीटिंग चालू असताना तासिकावाले सर लॅपटॉपवर टाईप करत होते, प्रोजेक्टरवर सगळ्यांना दिसत होतं, एका ठिकाणी माझं नाव चुकलं ते मी तिथेच दुरुस्त करून घेतलं.

ती पहिल्या बाकावरची पोरगी फील्ड प्रोजेक्टला रेंजची गावं करतेय. मीटिंग संपल्यावर बाहेर थांबली होती, फोनवर एक फोटो दाखवला, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावलेली फायरिंगची नोटीस, चुरगळलेली, एक टाचणी निघालेली. म्हणाली सर, तारखा आहेत, वेळा आहेत, धोक्याचा इलाका ग्रिड रेफरन्समध्ये दिलाय, पण गावात हा वाचता कोणालाच येत नाही. मी चष्मा लावून बघितला. आकडे बरोबर होते, आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग. तिला म्हणलं हे वाक्य जसं बोललीस तसंच पहिल्या पानावर लिही, आणि मॅडमना सांगून पुढच्या अजेंड्यावर नकाशाचा विषय परत टाकायला लावला. टीएचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल मात्र पहिल्या मीटिंगचं पण अजून आलेलं नाही, तो विषय कृती अहवालात घ्यावा का यावर बायकोशी विचारविनिमय चालू आहे.